नाव काढण्याबाबत

अर्ज चार ओळींचा होता आणि तो लिहायला काकांना अख्खी सकाळ लागली.

काका एकोणऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून स्वतःचं घर चालवलं होतं. निवृत्तीनंतर छापखाना सुटला, चुका काढणं सुटलं नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा ते हातात पेन घेऊन वाचत. शहराबाहेरच्या तळ्यावर नौकाविहार मंडळ होतं, तिथे ते एकवीस वर्षं दर रविवारी जात आणि स्वतःच्या छोट्या लाकडी होडीतून तळ्याला एक फेरी मारून येत. मंडळातले लोक त्यांना तोंडावर ‘काका’ म्हणत आणि पाठीमागे ‘ऱ्हस्वदीर्घ’. काकांना दोन्ही माहीत होतं. दुसऱ्याबद्दल त्यांची तक्रार एवढीच होती, की शेडच्या भिंतीवर ते लिहिताना कोणीतरी ‘दीर्घ’मधला ‘दी’ ऱ्हस्व काढला होता.

महिनाभर होडी रंगासाठी शेडमध्ये उलटी ठेवलेली होती. आता रंग वाळला होता. पण मधल्या काळात मंडळाने नवा नियम केला होता : पंचाहत्तरी ओलांडलेल्या सदस्यांनी होडी पाण्यात नेण्यापूर्वी लेखी अर्ज करावा. नियमाचा राग यावा असं काकांचं वय होतं, पण अर्ज लिहायला मिळणार याचा आनंद रागापेक्षा मोठा होता.

पहिली अडचण शब्दाची. ‘बोट’ लिहिणं शक्यच नव्हतं. “बोट हाताला असतं,” असं त्यांनी आजवर किमान दोनशे माणसांना सांगितलं होतं. ‘होडी’ मुलं कागदाची करतात. ‘नौका’ म्हटलं की लढाई आली. राहिला तो ‘नाव’. छोटा, जुना, स्वच्छ शब्द. काकांनी विषय लिहिला : ‘माझी नाव काढण्याबाबत.’ मग तो पुन्हा वाचला. दुसऱ्याची नाव कोण काढतो? ‘माझी’ हा शब्द जागा अडवून बसलेला पाहुणा होता. काकांनी त्याला सवयीच्या खुणेने बाहेर काढलं आणि अर्ज स्वच्छ उतरवला :

‘विषय : नाव काढण्याबाबत. माझे वय आता एकोणऐंशी असल्याने नियमानुसार हा अर्ज करीत आहे. येत्या रविवारी सकाळी नाव काढण्यास परवानगी द्यावी. हे काम मला एकट्याला जड जाईल. चार-पाच सदस्य सोबत असल्यास बरे वाटेल.’

एकही चूक नव्हती. काकांनी तो मंडळाच्या पेटीत टाकला.

मंडळाचे चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक होते. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत समारंभ केले होते आणि मधल्या वेळात शिकवलं होतं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचला. ‘हे काम मला एकट्याला जड जाईल’ या वाक्याखाली त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली.

“काय माणूस आहे!” ते रखवालदाराला म्हणाले. “एकवीस वर्षांचं सदस्यत्व सोडतोय, पण शब्द बघ कसे मोजके. नाव काढा म्हणतोय वहीतून. तक्रार नाही, रडगाणं नाही.”

“का सोडतायत?”

“वय लिहिलंय की. समजणाऱ्याला तेवढं पुरे.”

त्याच संध्याकाळी कार्यकारिणी बसली, ठराव झाला, सह्या झाल्या. चिटणिसांनी काकांना उत्तर पाठवलं : ‘आपली नाव काढण्याची विनंती मंडळाने जड अंतकरणाने मान्य केली आहे. रविवारी सकाळी आठ वाजता सर्व सदस्य आपल्यासोबत असतील.’

खरं तर प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. पण मुद्रितशोधक मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो. काकांनी ‘अंतकरणाने’ला विसर्ग दिला, समासात ‘मुख्याध्यापक!’ असं लिहिलं आणि कागद फाइलला लावला.

“चौघं पुरली असती उचलायला,” ते स्वतःशी म्हणाले. “हा अख्खं मंडळ आणतोय. हौशी माणूस.”

दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी काकांच्या मुलीला फोन केला. आई गेल्यापासून काका तिच्याकडेच राहत होते. तिला पाण्याची भीती होती, इतकी की अंघोळीची बादलीही ती काठोकाठ भरत नसे. सहा महिन्यांपूर्वी काका मंडळाच्या धक्क्यावर घसरले, गुडघा सोलला, आणि तेव्हापासून दर शनिवारी रात्रीच्या जेवणाला तिचं एकच वाक्य असायचं : “बाबा, आता पुरे की.” काकांचंही उत्तर ठरलेलं असायचं : “मीठ दे जरा.”

“तुमच्या वडिलांनी सदस्यत्व सोडलं,” चिटणीस म्हणाले.

मुलगी खुर्चीत बसली. “कोणी? बाबांनी? स्वतःहून?”

“स्वहस्ताक्षरात. रविवारी छोटासा कार्यक्रम ठेवलाय. त्यांना काही बोलू नका हं, गुपित आहे. तुम्ही मात्र यायचं.”

तिने फोन ठेवला. सहा महिने जे मागितलं ते मिळालं होतं. मग आनंद का होत नव्हता, ते तिला कळेना. संध्याकाळी ती काकांच्या खोलीत गेली. काका दोन्ही हात पुढेमागे करून खांद्यांचा व्यायाम करत होते.

“बाबा, मला कळलंय रविवारचं.”

काकांचे हात थांबले. आता ‘पुरे की’ येणार, म्हणून त्यांनी मनातल्या मनात मीठ शोधायला घेतलं. पण मुलगी त्यांच्या शेजारी पलंगावर बसली.

“तुम्ही हे ठरवलंत, मला खूप बरं वाटलं.”

“तुला? बरं वाटलं?”

“सोपं नसेल ना तुम्हाला.”

“छे, त्यात काय! महिनाभर वाट बघतोय मी या दिवसाची.”

मुलीने डोळ्यांना पदर लावला. हा माणूस महिनाभर एकटा मनाची तयारी करत होता आणि आपण त्याला आमटीबरोबर टोमणे वाढत होतो. “आम्ही दोघंही येणार आहोत रविवारी,” ती म्हणाली.

“तू? तळ्यावर?” काकांना भरूनच आलं. “ये, ये. जुने कपडे घालून ये पण. चिखल असतो.”

त्या आठवड्यात काकांना घरात असा मान मिळाला, की त्यांनी गुपचूप स्वतःचा ताप पाहिला. जावयाने टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात दिला. मुलगी सकाळचा चहा खोलीत आणून देऊ लागली. एका रविवारच्या फेरीचं घराला इतकं कौतुक असेल, असं काकांना एकवीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. आधीच विचारायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

रविवारी काका गुडघ्यापर्यंतची चड्डी, विटका सदरा आणि रबरी बूट घालून तळ्यावर पोचले. बघतात तो मंडळाच्या हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर पांढरं कापड, चाळीस माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. मुलगी आणि जावईही आधीच येऊन बसलेले, ठेवणीतल्या कपड्यांत.

“तुला जुने घालून ये म्हटलं होतं ना?” काका कुजबुजले.

“बाबा, तुम्ही हे काय घातलंय?” मुलगी कुजबुजली.

तेवढ्यात चिटणिसांनी घसा खाकरला. मुख्याध्यापकाने घसा खाकरला की चाळीस प्रौढ माणसंही ताठ बसतात. “काकांनी या मंडळाचं नाव काढलं,” ते म्हणाले. टाळ्या झाल्या. “काकांनी कधी कोणाला नावं ठेवली नाहीत.” इथे टाळ्या जरा उशिरा आणि तुरळक झाल्या. “त्यांच्याशिवाय हे तळं सुनं सुनं वाटेल.”

‘दोन तासांत येतोय की परत,’ काकांच्या मनात आलं. पण भाषणात माणसं वाहवतात, हे त्यांना छापखान्यापासून माहीत होतं. मग त्यांच्या हातात एक लांबट पुडकं देण्यात आलं. नवं वल्हं असणार, अशा खात्रीने त्यांनी कागद सोडला. आतून काठी निघाली. खाली रबरी टोपण असलेली, म्हाताऱ्या माणसाची काठी.

काकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. “छान आहे,” ते सभ्यपणे म्हणाले. “चला, उशीर होतोय. नाव कुठाय?”

“काढलं की,” चिटणीस म्हणाले. “कालच.”

“काढली? कोणी?”

“मी. दुसऱ्या कोणावर ती वेळ यायला नको म्हणून स्वतः. हात थरथरत होता हो, काका.”

“थरथरणारच. वजन काय कमी आहे? एकट्याने कशी काढलीत?”

“लाल शाईने.”

काका चिटणिसांकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत हजारो पानं त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती, पण एका अनुस्वाराने इतका घाम कधी फोडला नव्हता.

“काढलं,” ते सावकाश म्हणाले. “काढली नव्हे. काढलं. नपुंसकलिंगी.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही ते नाव काढलंत. मी ती नाव म्हणत होतो.”

हे चाळीसजणांना समजायला मिनिटभर लागलं. पहिल्यांदा रखवालदाराला समजलं, कारण तो मोठ्याने हसला आणि मग एकदम गप्प झाला. काका उठून शेडकडे गेले. त्यांच्या अकरा नंबरच्या जागेवर एक निळी, चकचकीत होडी होती. तिच्याशेजारी शेडमधल्या जागेसाठी दोन वर्षं प्रतीक्षायादीत काढलेले दातांचे डॉक्टर अपराध्यासारखे उभे होते. काकांची होडी शेडच्या मागे ताडपत्रीखाली होती.

“परत लिहा ना मग नाव!” जावई म्हणाला. “त्यात काय एवढं?”

चिटणीस घामाघूम झाले होते. “ठराव झालाय. परत घ्यायचं म्हणजे नवीन प्रवेश. नवीन प्रवेशाला वयाची अट सत्तर. अट बदलायची तर वार्षिक सभा लागते.”

“कधी आहे?”

“गेल्याच महिन्यात झाली. म्हणजे अजून अकरा महिने.”

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. “चूक माझी आहे,” काका म्हणाले. “एक शब्द मीच कापला. अकरा महिने काय, जातील. गेले तर गेले.” आणि ते काठी न टेकता, काखेत धरून गाडीपर्यंत चालत गेले.

मुलीला जे हवं होतं ते आता तिच्या घरात होतं : पाण्यापासून लांब, कोरडा ठणठणीत, सोफ्यावर बसलेला बाप. शनिवारी जेवताना तिला तिचं ठरलेलं वाक्य म्हणावं लागलं नाही, आणि काकांनी मीठ मागितलं नाही. आमटी अळणी होती.

सोमवारी तिने दुधवाल्यासाठी दारावर चिठ्ठी लावली आणि घाईत ‘दुध’ असं ऱ्हस्व लिहिलं. संध्याकाळी चिठ्ठी तशीच होती. काका तिच्यासमोरून चार वेळा गेले होते. मंगळवारी तिने मुद्दाम लिहिलं : ‘दुध दोन पीशव्या.’ काकांनी ते वाचलं आणि पिशव्या आत आणून ठेवल्या. बुधवारी तिने ‘पाणि येनार नाही’ असा फलकच स्वयंपाकघरात टांगला.

“बाबा, हे वाचलंत?”

“हो. भरून ठेवतो बादल्या.”

मुलगी मागे सरून भिंतीला टेकली. गुडघा सोलला तेव्हासुद्धा ती एवढी घाबरली नव्हती.

गुरुवारी ती मंडळाच्या कार्यालयात गेली. चिटणिसांनी तिला पाहून आधी पाणी दिलं आणि मग माफी मागितली. तिने फक्त नियमांची पुस्तिका मागितली आणि तिथेच बसून ती पहिल्या पानापासून वाचली. नवव्या नियमाशी ती थांबली : ‘सदस्यास सोबत एक पाहुणा नेता येईल. पाहुण्याच्या वयास अट नाही. पाहुण्याने वल्ह्यास हात लावू नये.’

“मला सदस्य व्हायचंय,” ती म्हणाली.

“तुम्हाला? तुम्ही तर त्या दिवशी धक्क्यावरसुद्धा आला नाहीत! खुर्ची मागे मागे नेत नेत शेवटी फाटकाबाहेर बसला होतात.”

“वय बसतं ना अटीत?”

“वय बसतं हो. पण परीक्षा असते. धक्क्यापासून त्या लाल पिंपापर्यंत वल्हवत जायचं आणि परत यायचं.”

त्या रात्री जावई घरी आला तेव्हा दिवाणखान्यात त्याची बायको पाटावर बसून दोन्ही हातांत दोन झाडू धरून हवा कापत होती, आणि समोर सासरे जमिनीवर फतकल मारून ओरडत होते. “डावं ओढ! अगं डावं!”

“माझं डावं की तुमचं?”

“तुझं! वल्हवणारा उलटा बसतो. तुला मागचं दिसतं, मला पुढचं.”

“काय चाललंय?” जावयाने विचारलं. “झाडताय की पळून जाताय?”

“परीक्षा आहे माझी,” बायको धापा टाकत म्हणाली. “बाजूला हो, तू तळ्यात उभा आहेस.”

काकांनी सुरुवातीला नको म्हटलं होतं. ‘तुला भीती वाटते, कशाला उगीच,’ वगैरे. पण तिने झाडू इतका चुकीचा धरला होता, की त्यांना राहवलं नाही. रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी जाता जाता दारावरच्या चिठ्ठीतल्या ‘दुध’चा उकार खोडून दीर्घ केला, ‘पीशव्या’ची वेलांटी ऱ्हस्व केली, आणि स्वयंपाकघरातला फलक काढून त्याच्या मागे तोच मजकूर शुद्ध लिहून ठेवला.

परीक्षेला तीन शनिवार लागले. पहिल्या शनिवारी ती धक्क्यावरून होडीत उतरली, एवढंच. दुसऱ्या शनिवारी होडी जागच्या जागी अकरा गिरक्या घेऊन परत आली. तिसऱ्या शनिवारी ती पिंपापर्यंत पोचली आणि पिंपाला तीनदा धडकली. “नियमात धडकू नये असं कुठे म्हटलंय?” असं म्हणून चिटणिसांनी स्वतःच सही केली आणि तिचं नाव वहीत लिहिलं. काळ्या शाईने, फार ठळक.

रविवारी सकाळी सात वाजता होडी पाण्यात उतरली. मुलगी वल्ह्यांवर, गळ्यापर्यंत आवळलेलं तरंगजाकीट घालून. काका समोर, पाहुणे म्हणून, हात मांडीवर ठेवून. धक्क्यावर चिटणीस दुर्बीण घेऊन उभे होते.

“डावीकडे झाड आहे.”

“कोणाच्या डावीकडे?”

होडी झाडाला लागली. तिथून निघून ती दुसऱ्या झाडाला लागली. अशा रीतीने, काठावरच्या बहुतेक झाडांची ओळख करून घेत, अर्ध्या तासाने ती वळणापलीकडे गेली आणि धक्का दिसेनासा झाला. मुलीने वल्ही उचलून आडवी ठेवली.

“घ्या.”

“काय?”

“वल्ही. इथे कोणी बघत नाही.”

काकांनी वल्ह्यांकडे बघितलं. त्यांची बोटं मांडीवर जरा हलली. “नियम नऊ,” ते म्हणाले.

“बाबा! एवढा खटाटोप मी कशासाठी केला? तीन शनिवार मी डोळे मिटून वल्हवलंय!”

“तेव्हाच पिंपाला लागलीस. आणि कोणी बघत नाही म्हणून चूक शुद्ध होत नाही.”

“मग बसा!” ती म्हणाली आणि रागाने वल्ही धरायला गेली. हात लगेच मागे आला.

“दाखव,” काका म्हणाले.

“काही नाही.”

“दाखव म्हणतो ना.”

तिने तळवे उघडले. दोन्ही तळव्यांवर फोड आले होते, एक फुटलाही होता. काकांनी तिचे हात आपल्या हातात घेतले आणि ते बराच वेळ तसेच बघत राहिले, एखाद्या अवघड पानाकडे बघावं तसे.

“दुखतंय?”

नाही म्हणायची तिला सवय होती. “खूप,” ती म्हणाली.

काकांनी खिशातून नियमांची पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि पान उलटून मोठ्याने वाचलं : “‘सदस्य वल्हवण्यास असमर्थ झाल्यास पाहुण्याने होडी किनाऱ्याला आणावी.’ नियम चौदा.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तू असमर्थ आहेस का?”

“पूर्ण.”

“नक्की? नंतर वाद नको.”

“बाबा, मी गेली चाळीस मिनिटं असमर्थच आहे.”

जागा बदलताना होडी डगमगली, मुलगी किंचाळली, काका म्हणाले, “माझा खांदा धर, माझा, हवेचा नको.” मग ते बसले, पाय टेकवले, आणि वल्ही पाण्यात गेली. कुठेही पाणी उडालं नाही. होडी सरळ निघाली, पट्टीने आखलेल्या ओळीसारखी. मुलीने जाकिटाचा पट्टा एक घर सैल केला. बाबांना होडीत बसलेलं तिने आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं, आणि फोटोत खांद्यांना आवाज नसतो. इथे प्रत्येक ओढीला एक बारीकसा, समाधानी ‘हं’ ऐकू येत होता.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं.

“बाबा, किनारा त्या बाजूला राहिला.”

“हाही किनाराच आहे,” काका म्हणाले. पलीकडचा काठ अजून मैलभर लांब होता. “‘किनाऱ्याला’ एवढंच लिहिलंय. कुठल्या, ते नाही.”

मुलीच्या तळव्यांवरचे फोड पंधरा दिवसांत बरे झाले. पण हाताचं दुखणं काही गेलं नाही. ते दर रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, वळण आलं की सुरू होतं आणि परतताना वळणापाशीच थांबतं. दोन-तीन महिने हे ऐकून जावयाला काळजी वाटायला लागली.

“एकदा चांगल्या डॉक्टरला दाखव,” तो म्हणाला.

“नको,” ती म्हणाली. “बरं झालं तर?”